नापास होण्याचा हक्क

‘गणित सोड, टक्के सांभाळ.’ अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत वस्तीतल्या मुलींना हा सल्ला घरातून मिळतो, शाळेतून मिळतो. आपल्यातल्या काही कार्यकर्त्याही तो मायेने देतात. माझा या सल्ल्याला विरोध आहे.

दहावीपर्यंत गणित-विज्ञान मुलामुलींना सारखेच सक्तीचे असावे, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. पण ‘मुलींना गणित झेपत नाही’ हा समज मेला नाही. तो आता टक्क्यांचे सोंग घेऊन अकरावीच्या दारात उभा आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कमाफी वाढवली. पण अकरावीतच गणित सोडलेल्या मुलीला अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांचे दार बंद! मग या माफीचा तिला उपयोग काय?

मुली घाबरतात, हे खरे. पण गणिताला नव्हे. मी माझ्या कामात रोज पाहते : मुलगा नापास झाला की पुरवणी परीक्षेला बसतो, मुलगी नापास झाली की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. नापासाची किंमत दोघांना सारखी नाही. म्हणून टक्के सांभाळणे हा तिचा भित्रेपणा नाही, हिशेब आहे. बदलायचा आहे तो हा हिशेब, मुलीचा विषय नव्हे.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत पालकांकडून एवढे कबूल करून घेऊ या : मुलगी नापास झाली तरी शिक्षण थांबणार नाही, लग्न ठरणार नाही. पुन्हा परीक्षेला बसण्याचा हक्क तिलाही आहे!