ग्रह असंख्य, टेकडी एकच

संगणकावरील खेळांचे कारखानदार हल्ली आपल्या जगाची थोरवी आकड्यांनी सांगू लागले आहेत. २०१६ साली इंग्लंडातील हॅलो गेम्स या लहानशा मंडळीने ‘नो मॅन्स स्काय’ नावाचा खेळ काढला आणि त्यात अठरावर अठरा शून्ये द्यावीत इतके ग्रह आहेत, अशी दवंडी पिटली गेली. आकडा खोटा नव्हता. दोनाचा चौसष्टावा घात केला की तो येतोच. आमचा आक्षेप एवढाच की, या आकड्याचा भूगोलाशी काडीचाही संबंध नाही. आज मुले, आणि आमच्यासारखी कचेरीतून दमून आलेली माणसेही, रोजचे दोन तास अशा जगांत घालवितात. त्यांना तेथे भूमी म्हणून जे दाखविले जाते ते भूमीचे विडंबन आहे.

अशी जगे कोणी हाताने घडवीत नाही. प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक असतो. तो सूत्रात घातला की डोंगर, झाडे, पशू बाहेर पडतात. जमिनीचे चढउतार काढण्यास ज्या जातीचे गणित सर्रास वापरतात, ते केन पर्लिन यांनी १९८३ साली रचले. संगणकाची चित्रे फार गुळगुळीत दिसत, त्यांना थोडा खडबडीतपणा यावा, हा त्यांचा हेतू; आणि त्याबद्दल १९९७ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांचा तांत्रिक पारितोषिक देऊन गौरवही केला. पण भिंतीला गिलावा देणाऱ्या साधनावर सबंध ब्रह्मांड उभारावयाचे म्हटले, तर दहाव्या ग्रहावर मनुष्याला जांभई यावयाचीच! केट कॉम्प्टन या संशोधिकेने याला लापशीचा दृष्टान्त दिला आहे. लापशीची दहा हजार वाडगी मांडली, तर प्रत्येकातील दाण्यांची ठेवण गणिताने निराळी भरेल; जेवणाऱ्याला मात्र लापशीच दिसेल.

हे शहाणपण नवे नाही. डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली ‘एलिट’ हा खेळ काढला, तेव्हा त्यांच्याही मनात अब्जावधी आकाशगंगा होत्या. प्रकाशकांनीच त्यांना आवरले. इतका पसारा दाखविला तर तोचतोपणा उघडा पडेल, हे त्यांनी ओळखले आणि आठ आकाशगंगा व प्रत्येकीत २५६ तारे, एवढ्यावर भागविले. चाळीस वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याला जे कळले, ते आजच्याला कळू नये काय?

यावर असे सांगण्यात येते की, निसर्गही तेच ते गिरवितो. दख्खनच्या सपाट माथ्याच्या टेकड्या कोण वेगळ्या ओळखतो? आम्ही म्हणतो, माणदेशातला गुराखी ओळखतो. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांवर पाऊस कोसळतो, आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटरांवर दहिवडीकडे पाचशेच्या आसपासच पडतो; कारण मध्ये सह्याद्री उभा आहे. त्या पावसावरून माती, मातीवरून पीक, पिकावरून भाकरी आणि छपराचा उतारदेखील ठरतो. सूत्राच्या जगात डोंगराला पावसाची वार्ता नसते आणि नदीला डोंगराची.

दोष यंत्राचा आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. टार्न व झॅक ॲडम्स या दोघा भावांनी २००६ साली लोकांपुढे ठेवलेल्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्येही जग यंत्रच रचते; पण तेथे डोंगर ढग अडवितो, पलीकडे कोरडे पडते, नद्या खडक झिजवितात. आणि गंमत अशी की, त्या खेळात वर्षानुवर्षे चित्रे नव्हतीच. सारे जग छापील अक्षरांनी व खुणांनी दाखविलेले असे.

याउलट हाताने घडविलेली भूमी पाहावी. २००४ सालच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एल्विनचे हिरवे रान ओलांडून पश्चिमेस गेले की वेस्टफॉलची पिवळी ओसाड शेते लागतात, दक्षिणेस नदी उतरली की डस्कवुडचा अंधार. २०१० साली कंपनीने हे जुने मुलूख मोडून नव्याने रचले, तेव्हा कित्येक खेळाडू गाव बुडाल्यासारखे हळहळले. २०१९ साली कंपनीला जुने जग पुन्हा उघडावे लागले. त्यातही एकाच नकाशाच्या खाणी आणि घरे जागोजाग आहेत, हे खरे. पण ते आम्हांला चालते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची उमर टाइप दोन नि टाइप तीनच्या क्वार्टरांत गेली आहे. मोरीची जागादेखील न पाहता सांगता येते. तरी कानपूरच्या खिडकीबाहेरचे आणि शिलाँगच्या खिडकीबाहेरचे कधी एक झाले काय? घरे एकसारखी असोत; खिडकीबाहेरचा मुलूख तरी निराळा असावा.

खर्चाचा मुद्दा उरतो. चितारी महिनोन्‌महिने खपून एक खोरे घडवितो आणि खेळाडू ते एका रात्रीत पालथे घालतो, ही अडचण आम्हांस मान्य आहे. मग बाराच खोरी द्यावीत आणि जाहिरातीतही बाराच सांगावीत. ‘नो मॅन्स स्काय’च्या खेळाडूंनी तरी काय केले? ते सारे अफाट आकाश मोकळे टाकून त्यांच्यातील शेकडो जणांनी एक कोपरा निवडला, तेथल्या ग्रहांना नावे दिली आणि एकमेकांच्या शेजारी घरे बांधली.