पन्नाशीनंतरची रुग्णसेवा

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिन जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. रुग्णालयांत मेणबत्त्या लागतात, गुलाबपुष्पे दिली जातात, सेवाभावावर भाषणे होतात. तीस वर्षे सेवा करून निवृत्तीची वाट पाहणारी परिचारिका आजचे काम कसे निभावते, हा प्रश्न मात्र त्या भाषणांत क्वचितच येतो. आमच्या समाजात तर अनेक घरांत एखादी 'सिस्टर' असते (कॉन्व्हेंटमधली नव्हे, वॉर्डातली!), आणि वसईहून पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या रुग्णालयांत जाणाऱ्या भगिनी आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा परिचारिकांपैकी एक पुढील दहा वर्षांत निवृत्त होणार होती. तेव्हा हा केवळ एका घराचा प्रश्न नाही.

त्यांच्या कामात काय बदलले, ते आधी पाहू. १९९० च्या सुमारास शिकलेल्या परिचारिकेने काचेच्या सिरिंज उकळल्या, पाऱ्याचे थर्मामीटर झटकले, सलाईनचे थेंब मनगटी घड्याळावर मोजले. वीस थेंबांना एक मिलिलिटर या हिशेबाने ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत संपवायची तर मिनिटाला सुमारे २१ थेंब, हे गणित तिला तोंडपाठ असे. आज मोठ्या रुग्णालयांत ते काम पंप करतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णाबाबत 'आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब' असा क्रम तिला शिकवला होता. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो बदलून छातीवरील दाब प्रथम आणला. नवे शिकणे एक वेळ सोपे. हाताला बसलेले वळण मोडणे फार अवघड.

त्यातच शरीर आपले वय सांगू लागते. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसते आणि अॅम्प्यूलवरची अक्षरे तर मुंगीएवढी. पोटॅशियम क्लोराईडसारखे औषध चुकून सरळ शिरेत गेले तर रुग्ण दगावू शकतो. म्हणून जाणती परिचारिका चष्मा दोरीने गळ्यात अडकवते, लेबल उजेडात धरून वाचते आणि शेजारणीलाही वाचायला लावते. रुग्णाला कुशीवर वळवताना ती एकटी जोर लावत नाही. चादरीची टोके दोघींनी धरायची, हा तिचा नियम. छाती किमान पाच सेंटिमीटर दाबण्याचे काम ती तरुण सहकाऱ्यांवर सोपवते आणि आपण औषधे व वेळ सांभाळते. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतोच, त्यामुळे यात कमीपणा कसला?

पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९० मध्ये वार्धक्याविषयी असाच विचार मांडला: कामे निवडावीत, निवडलेल्यांचा सराव वाढवावा, उणीव दुसऱ्या मार्गाने भरून काढावी. त्यांचे आवडते उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे. उतारवयात ते मोजक्याच रचना वाजवत, त्यांचा अधिक सराव करीत आणि द्रुत भागापूर्वी मुद्दाम संथ वाजवीत. आमच्या परिचारिकांनी हे पुस्तकात वाचलेले नाही, वॉर्डातच शोधून काढले आहे.

अनुभवाचे मोल मोठे आहे. मॉनिटर वाजण्यापूर्वीच 'हा रुग्ण मला बरा दिसत नाही' असे म्हणणारी सिस्टर डॉक्टरांनाही ठाऊक असते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात अशा जाणकारीचा अभ्यास केला आहे. तथापि अनुभव म्हणजे अचूकपणा नव्हे. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी पुन्हा टोपण लावण्याची जुनी सवय आज धोक्याची मानली जाते, तरी ती कित्येकींची सुटत नाही.

आम्हांस खरी चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. या साऱ्या तडजोडी लपून चालतात. दिसत नाही, पाठ धरते, संगणकावर नोंदी भरताना हात अडखळतो, हे उघड बोलले तर 'आता झेपत नाही' असा शिक्का बसेल, कंत्राटावर असल्यास मुदत वाढणार नाही, ही भीती असते. मग शेजारीण रजेवर असलेल्या रात्री ते लेबल एकटीनेच वाचले जाते आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते.

म्हणून ही जबाबदारी रुग्णालयांनी, आपल्या ख्रिस्ती संस्थांनीही, उघडपणे स्वीकारावी. औषधांच्या टेबलावर चांगला उजेड, धोक्याच्या औषधांची दोघींनी पडताळणी आणि रुग्ण सरकवण्याची साधने यांना फारसा खर्च नाही. रात्रपाळीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. ज्येष्ठांच्या रात्री कमी केल्या की त्या तरुण मुलींच्या वाट्याला जातात आणि त्यांची कुरकुर रास्तच असते. तेथे मर्जीने दिलेली सवलत चालणार नाही, माणसेच वाढवावी लागतील. संगणकाचे प्रशिक्षणही सुट्टीच्या दिवशी बोलावून नव्हे, तर ड्यूटीच्या वेळेत व्हावे.