एकाच वळूची लेकरे

पशुवैद्यक म्हणून मी आटपाडी भागात नोकरीला होतो, तेव्हाची गोष्ट. माजावर आलेल्या एका कालवडीला कृत्रिम रेतन करण्यासाठी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात गेलो होतो. मी कांडी हातात घेणार, तोच दारात बसलेली म्हातारी म्हणाली, ‘‘सायेब, हिच्या आईला भरवली तवाचाच वळू न्हवं ह्यो? मग ह्यो तर हिचा बापच झाला की!’’ मी नोंदवही उलटली आणि कांडीवरचा क्रमांक ताडून पाहिला. म्हातारीचे खरे होते. माझ्याजवळ त्या दिवशी दुसऱ्या वळूची कांडीच नव्हती. मी निमूटपणे सामान आवरले आणि बाहेर पडलो.

पुढे जपानमधल्या वाग्यू गुरांविषयी वाचू लागलो, तेव्हा ही म्हातारी मला वारंवार आठवली. तिने जो प्रश्न उंबऱ्यात बसून विचारला, तोच एका प्रगत देशाला फार उशिरा पडला.

गोमांस हा शब्द उच्चारला की आपल्याकडे वाद उभे राहतात. ते येथे उकरण्याचा माझा हेतू नाही. मला सांगायचे आहे ते माणसाच्या निवडीविषयी आणि त्या निवडीच्या किमतीविषयी.

जपानमधली काळी गुरे मुळात औताची. भातखाचरात राबणारी, डोंगरातून ओझी वाहणारी. बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे तेथे शतकानुशतके मांसाहार निषिद्ध मानला जाई. १८७२ साली मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि वारे फिरले. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी वळूंशी संकर झाले, पण तो उत्साह लवकरच ओसरला. १९४४ मध्ये ‘जपानी काळी’ ही स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. यांत्रिक नांगर आल्यावर या गुरांचे औताचे काम संपले आणि मांस एवढेच काम उरले.

या मांसाचा लौकिक आहे तो त्यातल्या चरबीच्या जाळीमुळे. स्नायूंच्या तंतूंमध्ये पांढरी चरबी संगमरवराच्या रेषांसारखी पसरलेली असते. या जाळीला जपानमध्ये १ ते १२ असे गुण देतात आणि भाव बराचसा त्या गुणांवर ठरतो. आता एका जनावरात जाळी दाट आणि दुसऱ्यात विरळ का? चारा, वय, निगा यांचा वाटा आहेच. परंतु एकाच जातीच्या जनावरांत दिसणाऱ्या फरकाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे जपानी अभ्यासांतून दिसते. तो एका जनुकाचा खेळ नाही. शेकडो जनुके आपापला चिमूटभर वाटा उचलतात.

काही जनुकांचे काम मात्र स्वतंत्रपणे ओळखता आले आहे. ‘एससीडी’ हे त्यांपैकी एक. ते जे विकर घडवते, ते संपृक्त मेदाम्लाचे ओलेइक आम्लात रूपांतर करते. आपल्या शेंगदाण्याच्या तेलात मुबलक असते तेच हे आम्ल. या विकरात २९३व्या जागी व्हॅलिनऐवजी ॲलानिन असेल, तर चरबी कमी तापमानाला वितळते आणि जिभेवर मऊ लागते, असे २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले. एवढ्याशा बदलाने चव बदलते!

मांसाचा मऊपणा हे आणखी वेगळे प्रकरण. जनावर कापल्यानंतर कॅल्पेन नावाचे विकर स्नायूंतली प्रथिने तोडते, तर कॅल्पास्टॅटिन त्याला आवर घालते. वशिंडाच्या गुरांत हा आवर अधिक बळकट असतो, म्हणून त्यांचे मांस तुलनेने चिवट. आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातल्या गुरांपासून अमेरिकेत जी ब्राह्मण जात तयार झाली, तिच्याबद्दलही मऊपणाची हीच तक्रार असते. तरीही तेथल्या उष्ण दक्षिणेत पशुपालक तिला सोडत नाहीत. कारण ऊन आणि गोचीड यांच्यापुढे हेच रक्त टिकते. ताटात कमी गुण मिळवणारे जनावर माळावर पहिले येते. तेव्हा ‘उत्तम’ कोणते, हे आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो यावर अवलंबून आहे.

जनुकांतला हा भेद म्हणजेच पशुपालकाचे भांडवल. सगळी जनावरे सारखीच असती, तर निवडायचे काय? पण गंमत अशी, की निवड करताना आपण हेच भांडवल खर्चत असतो. एक वळू उत्तम ठरला की बाकीचे मागे पडतात, आणि त्यांच्याजवळ जे काही वेगळे होते तेही त्यांच्याबरोबर जाते.

जपानमध्ये नेमके हेच घडले. ह्योगो प्रांतातल्या ताजिमाच्या डोंगराळ मुलखात १९३९ साली ‘ताजिरी’ नावाचा वळू जन्मला. त्याची संतती नामांकित निघाली. मग त्याची मुले, नातू, पणतू देशभर वापरले गेले. गोठवलेल्या रेताचे तंत्र आल्यावर एकेका वळूची संतती हजारोंच्या घरात गेली. १९९१ मध्ये जपानने गोमांस आयातीवरचे कोटे उठवले. स्वस्त परदेशी मांसाशी भावात टक्कर देणे शक्य नव्हते, म्हणून तिथल्या पशुपालकांनी परदेशी मांसात नसलेली जाळी आणखी दाट करण्याचा ध्यास घेतला. पुन्हा तेच मोजके वळू! २०१२ मध्ये वाग्यू नोंदणी संस्थेने वंशावळी तपासल्या, तेव्हा देशातल्या पैदाशीच्या काळ्या गायींपैकी ९९.९ टक्के गायी ताजिरीच्या वंशातल्या निघाल्या.

एकाच पूर्वजाचे वंशज असणे म्हणजे लगेच रोग नव्हे, हे मान्य. पण आनुवंशिकतेच्या शास्त्रात ‘प्रभावी संख्या’ नावाचा हिशेब आहे. कळपात डोकी किती, यापेक्षा पुढच्या पिढीला रक्त खरोखर किती वेगवेगळ्या जनावरांकडून मिळते, हे तो सांगतो. ही संख्या निदान ५० असावी, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा दंडक. गोठ्यांत लाखो गायी असलेल्या जपानी काळ्या जातीची प्रभावी संख्या १९९०च्या दशकाच्या मध्यास सुमारे १७ भरली!

याची किंमत वासरांनी मोजली. क्लॉडिन-१६ या जनुकाचा तुकडाच गळाल्यामुळे मूत्रपिंडे निकामी होणाऱ्या वासरांच्या रोगाचे मूळ २००० साली सापडले. अशा दोषाची एक प्रत अंगात असली तरी जनावर धडधाकट दिसते. आई आणि बाप दोघांकडून ती आली की घात होतो. नात्यातल्या नात्यात पैदास झाली की हा योग वाढतो. सुदैवाने वळूंची जनुकीय चाचणी करून असे मेळ आता टाळता येतात.

कोणी म्हणेल, निवड केली नसती तर हा लौकिक तरी कुठून आला असता? आक्षेप रास्त आहे. निवड करू नये, असे माझे म्हणणेच नाही. एकाच गुणासाठी, एकाच घराण्यातून, पिढ्यानुपिढ्या करू नये, एवढेच. वाग्यूचे फलित अंडे आणि रेत चीनमध्ये चोरून नेण्याचा प्रयत्न २०१८ मध्ये उघडकीस आला, तेव्हा जपान हादरला. २०२० मध्ये त्याने या आनुवंशिक ठेव्याच्या रक्षणासाठी कायदे केले. ते योग्यच झाले. पण चोराने नेले असते ते कांड्यांत मावण्याइतके. घरातल्यांनी हौसेने गमावले, ते कोणत्याही कायद्याने परत येणारे नाही.

उपाय अवघड नाहीत. एका वळूच्या वापराला मर्यादा घालावी. मेळ जुळवताना नाते तपासावे. आज मागणी नसलेल्या घराण्यांचेही रेत राखून ठेवावे, कारण उद्याचे गिऱ्हाईक काय मागेल आणि उद्याचे ऊन काय मागेल, हे आज कोणालाच ठाऊक नाही.

आपल्याकडे ध्यास दुधाचा, पण गणित तेच. कृष्णा खोऱ्यातल्या ज्या गुरांचे रक्त अमेरिकेत ब्राह्मण जातीच्या रूपाने उरले आहे, ती गुरे खुद्द कृष्णाकाठी दुर्मीळ झाली आहेत. आणि जास्त दुधाच्या लेकी देणाऱ्या मोजक्या वळूंच्या कांड्या गावोगाव पोचतात.

आटपाडीच्या त्या म्हातारीला जनुक हा शब्द ठाऊक नव्हता. पण गोठ्यातल्या प्रत्येक जनावराची सोयरीक तिला तोंडपाठ होती. माझ्याजवळ नोंदवही होती आणि मी ती उघडली नव्हती.