तळपायावरचा तीळ

परवा रिसोडला घरी गेलो होतो. तळपायावरचा तीळ वर्षभरात पसरलाय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, म्हणून सगळ्यांना दाखवला.

काकू म्हणाली, "भाग्याचा तीळ हाये बापा, पायाले भिंगरी हाये तुया!" मामांनी चुना लावून जाळायला सांगितलं. शिकलासवरला चुलतभाऊ म्हणाला, "कातडीचा कॅन्सर गोऱ्यांना होतो रे."

मंडळी, मला राग आला तो या तिसऱ्याचा. मेलॅनोमा आपल्याकडे दुर्मिळ आहे, कबूल. पण सावळ्या माणसाला होतो तेव्हा बरेचदा तळपायावर नाहीतर नखाखाली होतो, जिथे उन्हाचा काही संबंध नसतो. गायक बॉब मार्लीला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. १९८१ साली, ३६ व्या वर्षी गेला बिचारा.

आणि मामा, तीळ जाळला म्हणजे पुरावाच जाळला! मग तपासायचं काय? वेळेत कापून काढला तर बहुतेक वेळा तेवढ्यावर सुटका होते. मुळं आत गेली की नाही.

माझा तीळ अकोल्याला काढला, तपासला. साधा निघाला. आता घरचे म्हणतात, "पाहा, उगाच पैसे घातले!"

उगाच? साधा आहे हे तपासल्यावरच कळलं ना?

प्रत्येक तिळाला घाबरू नका. पण रंग, आकार बदलणारा, रक्त येणारा तीळ डॉक्टरला दाखवा. सोयाबीनच्या वावरातून आल्यावर काटा बघायला पाय उलटा करताच, तेव्हा तीळही बघत जा. असो.