सनद देशाची, दार प्रांताचे

पुण्यात स्थायिक झालेल्या कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन उत्तर प्रदेशात असेल आणि तिच्यावरून वाद उद्भवला, तर दावा पुण्यात चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ नुसार स्थावर मालमत्तेचा दावा सर्वसाधारणपणे मालमत्ता जेथे आहे तेथेच दाखल करावा लागतो. प्रकरण पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि त्या कुटुंबाने आपला विश्वासातील पुण्याचा वकील तेथे उभा करावयाचे ठरविले, तर एक अट आडवी येते. त्या न्यायालयाच्या नियमांनुसार उत्तर प्रदेशाच्या सूचीत नाव नसलेल्या वकिलाने तेथे नियमित व्यवसाय करणाऱ्या स्थानिक वकिलासह वकीलपत्र दाखल करावे लागते. अन्यथा न्यायालयाची खास अनुमती घ्यावी लागते.

वस्तुतः १९६१च्या अधिवक्ता अधिनियमाने वकील, प्लीडर, मुखत्यार हे जुने भेद मिटविण्याचा मार्ग खुला करून देशभर एकच वकीलवर्ग निर्माण करण्याचे ठरविले. कोणत्याही राज्याच्या सूचीतील अधिवक्त्याला सर्व भारतात व्यवसायाचा अधिकार देणारे त्यातील कलम ३० मात्र अंमलात यावयास १५ जून २०११ हा दिवस उजाडावा लागला. एका कलमाने पन्नास वर्षे वाट पाहिली!

तरीही २०१६ साली जमशेद अन्सारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबादचा नियम वैध ठरविला. वकिलाचा अधिकार निरंकुश नाही आणि आपल्यापुढील कामकाजाचे नियमन करण्याचा अधिकार कलम ३४ ने उच्च न्यायालयांना दिला आहे, ही त्यामागील भूमिका. तीत तथ्य आहे. परगावचा वकील तारखेला आलाच नाही, तर नोटीस कोणावर बजावायची? शिवाय जमीन व महसूल यांचे कायदे प्रांतोप्रांती निराळे असतात. तेथे स्थानिक जाणकाराचे साहाय्य अशिलाच्याच हिताचे ठरते.

अमेरिकेतही परराज्यातील वकिलाला एका खटल्यापुरता प्रवेश मिळतो, बहुधा स्थानिक वकिलाच्या साथीने. असा प्रवेश हा घटनासिद्ध हक्क नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये लीस विरुद्ध फ्लिंट प्रकरणात सांगितले. परंतु तेथे प्रत्येक राज्याची सनद वेगळी. भारतात दिवाणी प्रक्रिया संहिता एक, करार कायदा एक, मुदतीचा कायदा एक आणि वकिलीची पात्रता परीक्षाही अखिल भारतीय! मग अमेरिकेसारखीच बंधने येथे का असावीत?

प्रश्न नियम असावा की नसावा हा नसून तो कशासाठी वापरला जातो हा आहे. उत्तरदायित्व हा हेतू असेल, तर नोटीस स्वीकारणारा एक स्थानिक पत्ता आणि शिस्तपालनाची लेखी हमी पुरेशी व्हावी. प्रत्येक तारखेला दोन वकिलांचे शुल्क सामान्य अशिलाच्या माथी मारण्याचे कारण उरत नाही. खास अनुमतीचा अर्जही साधा असावा आणि पहिल्याच तारखेस निकाली निघावा. धनाढ्य पक्षकाराला दुसरा वकील जड नाही. वडिलांच्या दोन बिघ्यांसाठी झगडणाऱ्याला तो जड आहे.

न्यायालयाची शिस्त राखलीच पाहिजे. पण शिस्तीच्या आडून प्रांताची मक्तेदारी पोसली जाऊ नये. संसदेने जी सनद देशभरासाठी दिली, तिची किंमत राज्याच्या सीमेवर कमी होता कामा नये.