महाबळेश्वर पर्यटनानेच वसवले



‘पर्यटकांनी महाबळेश्वर नासवले’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकाची तळमळ मला पटते, निदान मात्र पटत नाही. ज्या पेठेच्या जुन्या शांततेसाठी ते हळहळतात, ती पेठच हवा खायला येणाऱ्यांसाठी वसली. पंचगंगेचे देऊळ असलेले क्षेत्र महाबळेश्वर फार जुने. पण आजचे गिरिस्थान १८२८च्या सुमारास, गव्हर्नर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या पुढाकाराने उभे राहिले. म्हणून तर ते माल्कमपेठ. वेण्णा तलाव नैसर्गिक नाही, तो १८४२ साली बांधलेला. इंग्रजी अमदानीत आलेली स्ट्रॉबेरी आज इथल्या शेतकऱ्याचे हुकमी पीक आहे. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाहेरून आलेले सगळे वजा केले, तर त्या शेतकऱ्याच्या हाती काय उरेल?

मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. कृष्णा-कोयनेचा उगम इथला, पाऊस धो धो, आणि तरी उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. २००१ पासून हा परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आहे. नियम कागदावर आहेत. तेव्हा पर्यटकांना बोल लावण्यापेक्षा, नव्या हॉटेलला परवानगी देताना त्याचे पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, हे ग्रामसभेसमोर जाहीर करा, अशी मागणी पत्रलेखकाने करावी. त्या मागणीवर मीही सही करेन.

— एक वाचक, वाई