यंत्र बोट दाखवील. शहानिशा कोण करणार?

गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतले की मालवण-देवगडच्या वाड्यांतून घरांना कुलपे लागतात. त्यातले एखादे फुटते, पोलिसांना वर्दी जाते; आणि ते पोहोचेपर्यंत अर्धी वाडी कपाट हाताळून मोकळी झालेली असते. चिऱ्याच्या खडबडीत भिंतीवर बोटाचा ठसा धड उमटत नाही. तो मिळायचा कपाटाच्या पत्र्यावर, आणि नेमका तिथेच पुसला जातो. मग ठसे जुळवणारी राज्य पोलिसांची ‘अँबिस’ यंत्रणा काय आणि २०२२ साली आलेली केंद्राची ‘नॅफिस’ काय, जुळवणार काय, कपाळ? घटनास्थळ राखणारा शिपाई आणि ठसा उचलणारा तज्ज्ञ पोलीस ठाण्याला न देता नुसते यंत्र मिरवणे ही जनतेची शुद्ध फसवणूक आहे!

यंत्र निकाल देत नाही, जुळणाऱ्या ठशांची यादी देते. रेषा कुठे थांबते, कुठे दुभंगते, हे ताडून पाहणे माणसाचे काम. २००४च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयच्या संगणकाने दिलेल्या यादीतल्या एका अमेरिकी वकिलाच्या ठशावर तज्ज्ञांनीही शिक्कामोर्तब केले. निर्दोष माणूस कोठडीत गेला. ठसा दुसऱ्याचाच आहे हे स्पेनच्या पोलिसांनी दाखवले, तेव्हा एफबीआयने माफी मागितली. आमच्या रापण ओढणाऱ्या गरीब मच्छीमाराची माफी कोण मागणार?

त्याचे हात पाहा. खाऱ्या पाण्यात दोर ओढून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. काजू सोलणाऱ्या बाईची कातडी टरफलातल्या तेलाने सोलवटलेली. यंत्र घेण्यापूर्वी त्याची कसोटी या हातांवर, भर पावसाळ्यात घ्या. जे यंत्र हे हात वाचू शकत नाही, ते सिंधुदुर्गाच्या काय कामाचे?

आणि ठसा घेतल्यावर पुढे काय? २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्याचे मोजमाप घेता येते आणि ते ७५ वर्षे ठेवता येते. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या मच्छीमाराला अटक झाली, तर त्याचा ठसाही दरोडेखोराशेजारी जाऊन बसणार! पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर, न्यायालयाचा वेगळा आदेश नसल्यास, त्याची नोंद नष्ट करावी, असे हाच कायदा सांगतो. त्यासाठी त्या गरिबाने जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, खेटे का घालावेत? सुटकेचा निकाल अंतिम होताच नोंद आपोआप पुसली जावी, आणि पुसल्याचा लेखी दाखला त्याच्या घरी पोचावा. ही अट यंत्राच्या खरेदीच्या करारातच घाला. जे यंत्र नाव चढवते पण उतरवत नाही, त्यावर जनतेचा एक रुपयाही खर्च करण्याचा सरकारला अधिकार नाही!